हलू नका, झालंच

माझी ताई कॅन्सरच्या दवाखान्यात कोबाल्टचं मशीन चालवायची. पेशंटला टेबलावर झोपवायचं, त्याच्या अंगावरच्या शाईच्या खुणा उजेडाच्या रेघेशी जुळवायच्या, जाड दार लावून बाहेर यायचं आणि माइकवर म्हणायचं, "हलू नका, झालंच." घरीही तिला तीच सवय जडली होती. भावोजींच्या बोटातलं कुसळ काढायचं असो की शर्टाचं बटण अंगावरच शिवायचं असो, "हलू नका!" भावोजी मला म्हणायचे, "लग्नाच्या फोटोपासून मी हललेलोच नाही बघ."

कामाचा विषय निघाला की ताई रंगात यायची. जगात मूलभूत बलं चारच, आणि चारही माझ्या खोलीत राबतात, असं तिचं म्हणणं. पेशंटला टेबलावर धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. कोबाल्टच्या अणूचा गाभा बांधून ठेवतं ते सगळ्यांत जबरदस्त. त्या गाभ्यातला एखादा न्यूट्रॉन गुपचूप प्रोटॉन होऊन बसतो, ते दुबळ्या बलाचं काम. मग गाभ्यातून किरण सुटतात, शरीरातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात आणि गाठीच्या पेशी मोडतात. ती विद्युतचुंबकीय बलाची करामत.

"दुबळं म्हणतात त्याला," ती म्हणायची, "पण त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही." त्याच्यापायीच कोबाल्ट झिजत जातो. किरण कमी पडायला लागतात आणि तेवढ्याच डोससाठी पेशंटला जास्त वेळ पडून राहावं लागतं. तिच्या मशीनमधला कोबाल्ट पार म्हातारा झाला होता. नवा मागवलाय, येईलच, असं ऑफिस सांगत होतं. ऑफिसचं काय जातंय सांगायला!

अशात भावोजींनाच कॅन्सर झाला आणि तो पाठीच्या मणक्यांत उतरला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बरं होणार नाही, किरण दिले तर दुखणं तेवढं कमी होईल. भावोजींना आडवं होताच येत नव्हतं. ते खुर्चीत बसूनच डोळे मिटायचे. ताई शेजारच्या खुर्चीत, आणि पलंग रिकामा. तिला आता फक्त एवढंच हवं होतं, की या माणसाला पाठ टेकून झोपता यावं. त्यासाठी आधी त्यांना त्या कडक टेबलावर पाठ टेकून पडावं लागणार होतं. मला तर भयंकर संताप यायचा, पण काढणार कुणावर?

ताईची मशीनवरची सोबतीण म्हणाली, "यांना मी घेते, तू बाहेर बस."

"माझा नवरा आहे," ताई म्हणाली. "खुणा मीच जुळवणार."

पहिल्या दिवशी मी तिच्यामागे उभी होते. पडद्यावर भावोजी ओठ घट्ट आवळून पडलेले दिसत होते. "हलू नका, झालंच," ताई माइकवर म्हणाली. झालं मुळीच नव्हतं. म्हातारा कोबाल्ट आपला सावकाश काम करत होता. ताईने पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा सांगितलं. शेवटी भावोजी कण्हले आणि कुशीवर वळले. ताईने मशीन थांबवलं आणि ती आत धावली. मीही गेले.

"बास गं आता," भावोजी म्हणाले. "घरी चल. खुर्चीच बरी."

ताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तशीच तिने त्यांना सरळ केलं, खुणा परत जुळवल्या. "एवढं करा. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी तर जन्म गेला," ते म्हणाले, "आता कशाला कुरकुर करू?" आणि ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

किरण लागू पडले. काही दिवसांनी ताईचा फोन आला. "पलंगावर झोपलेत गं! चक्क घोरतायत!" तिचा इतका आनंदी आवाज मी किती तरी दिवसांनी ऐकत होते, आणि फोन ठेवल्यावर मलाच रडू कोसळलं.

पुढे भावोजी खूपच थकले, तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेले. एका सकाळी ताईच्या आवाजाने जाग आली. खोलीत गेले, तर भावोजी पलंगावर पाठ टेकून सरळ झोपलेले, अगदी ती टेबलावर झोपवायची तसे. ताई त्यांचा खांदा धरून गदागदा हलवत होती.

"अहो, हला ना," ती म्हणत होती. "थोडं तरी हला."