सव्वीस जानेवारीचं कुंकू

आज झेंडावंदनाहून परतताना कुणाच्या तरी ओसरीवरून गुलाबपाण्याचा वास आला आणि झरी गावातलं आमचं अंगण आठवलं. मी पंधरा वर्षांची होते. वडील काढत त्या युद्धविरोधी पत्रकांतून युद्धाची कारणं मला पाठ होती: सीमा, सत्ता, शस्त्रांचा धंदा. शेजारच्या शालनकाकूंचा नवरा कारगिलच्या युद्धात मारला गेला होता. त्या सव्वीस जानेवारीला सकाळी गावाने शाळेत त्यांचा सत्कार करून साडी-नारळ दिला. दुपारी आईच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मी घरोघर केलं, त्यांच्याकडेही. त्या तीच साडी नेसून आल्या. बाया जरा सरकून बसल्या.

“तिला कामून सांगितलंस गं?” आई कुजबुजली.

काकूंनी ऐकलं. “सकाळी तर समद्याजणी टाळ्या वाजवायलत्या की,” त्या हसून म्हणाल्या. “आता काय झालं?”

मी करंडा घेऊन पुढे झाले, बोटावर कुंकू घेतलं आणि सगळ्यांच्या नजरा बघून थांबले.

“ऱ्हाऊ दे, माय,” म्हणत काकू चपला घालून निघाल्या.

युद्धाविरुद्ध मी पुढे पुष्कळ पत्रकं लिहिली. बोटावरचं ते कुंकू मी शेजारी बसलेल्या बाईला लावून टाकलं, हे मात्र कुठेच लिहिलं नाही.