पाहुण्यासाठीचं पाणी

पाण्याचा नमुना ज्याने तपासायचा त्यानेच भरावा, हे मी प्रशिक्षणात दरवर्षी सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! भामरागडकडच्या एका गावात मी मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून काळा चहा पीत होतो, आणि माझ्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हातपंप सांभाळणाऱ्या बाई शाळेमागे गेल्या होत्या. पाऊण तासाने आल्या. पंप जड असेल, असं मला वाटलं. बाटल्यांवर मी सुवाच्य अक्षरात 'शाळेमागचा हातपंप' असं लिहिलं.

प्रयोगशाळेत पाणी उत्तम निघालं. फ्लोराइड नावालाच.

पुढे फ्लोराइड काढणारी यंत्रं कोणत्या गावांना द्यायची, याची जिल्ह्याला बैठक झाली. एक सदस्य म्हणाले, "त्या गावच्या पोराईचे दात पाहा ना साहेब, पिवळे पडून राह्यले." मी म्हणालो, दात हा पुरावा नव्हे, धोरण आकड्यांवर ठरतं, कळवळ्यावर नाही. बऱ्याच माना डोलल्या. गावाचं नाव यादीतून गेलं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

थंडी सरताना त्याच रस्त्याने जात होतो, म्हणून गाडी थांबवली. पोरांचे दात खरंच पिवळे होते. शाळेमागे जाऊन मी स्वतः पंप हापसला आणि पाण्यात तपासणीचं लाल औषध टाकलं. लाल रंग पिवळा पडला, म्हणजे फ्लोराइड भरपूर. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"बाई, मागच्या वेळी पाणी इथलंच भरलं होतं ना?"

"इथचं? नाई जी. पावन्याले कोनी बोरिंगचं पानी देते का? नाल्यातल्या झिऱ्याचं आनलं होतं."

झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत खणलेला खड्डा. पाणी रेतीतून गाळून येतं, गोड असतं. बाटल्या मी वाटेत प्यायला नेतोय, अशी बाईंची समजूत.

"दोन-दोन बाटल्या?"

"रस्ता लांब हाय तुमचा."

मला त्यांचा राग आला. तो गाडीपर्यंतसुद्धा टिकला नाही. मग नुसती लाज वाटली.

चूक माझी आहे, असं मी लेखी कळवलं. यंत्रं वाटून झाली आहेत, पुढच्या वर्षी विचार करू, असं उत्तर आलं. ते सांगायला मी पुन्हा गेलो. बाईंजवळ त्यांची नात उभी होती. पुढचे दुधाचे दात पडलेले, नवे अजून यायचे होते.

"तवर हे काय पिईन?" बाईंनी विचारलं.

"झिऱ्याचं पाजा."

बाई हसल्या. "झिऱ्याले पानी येतेच किती जी? वाटीवाटीनं भरा लागते. पावन्यापुरतं निघते, बस."

त्यातलं दोन लिटर मी नेलं होतं. तपासायला थोडंसंच लागलं. उरलेलं, नियमाप्रमाणे, मी मोरीत ओतलं.