गेजकाकांची नथ

गेजकाका कुठलीही वस्तू उजेडात धरून, तिरकी करून, एक डोळा मिटून पाहिल्याशिवाय घेत नसत. मग ती भेंडी असो, लग्नपत्रिका असो की जावई. जावयाला तर पहिल्याच भेटीत त्यांनी गॅलरीत नेऊन उन्हात उभं केलं होतं. चाकणच्या कंपनीत ते क्वालिटी खात्यात होते आणि मी त्यांच्या हाताखाली. खिशात मापाचं गेज कायम, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर चऱ्होलीच्या घरात त्यांनी खातं चालूच ठेवलं. काकूंच्या भाकऱ्याही त्यातून सुटत नसत.

त्यांचा लाडका नियम एकच. "पयला पीस पास झाल्याबिगर मशीन चालवायची न्हाई." पहिला नग बरोबर आला तरच पुढचे काढायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी अख्खी पंगत थांबवून पहिली जिलबी स्वतः खाल्ली, मान हलवली, मगच ताटं वाढली गेली. व्याही अजून तो विषय काढतात.

मी जुना डिजिटल कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जाऊन फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा पहिलं काम काकांनीच दिलं. काकूंचा फोटो. फ्लॅश उडाला की त्यांच्या पापण्या मिटल्याच. लग्नाच्या अल्बममध्येही त्या झोपेत सप्तपदी चालताना दिसतात. "येक तरी आसा काढ रं बाबा, ज्यात मी जागी हाय," त्या म्हणाल्या. म्हणाल्या हसत, पण मला ते लागलं.

घरात दिवे लावून फोटो काढायची माझीही पहिलीच वेळ. मी खिडकीला पांढरी चादर बांधली, काकूंना स्टुलावर बसवलं, डावीकडे दिवा, उजवीकडे थर्माकोल. काका वाकून म्हणाले, "नाकाखाली सावली हाय. रिजेक्ट."

"काका, सावली काढली तर नाक दिसणार नाही."

"तिला नाक हाय ह्ये समद्या गावाला ठाव हाय."

मग उजेड वळवायला परात आली, छत्री आली, दिव्यापासून स्टुलापर्यंत टेप लागली आणि फरशीवर खडूच्या खुणा झाल्या. काकू गजरा आणायला शेजारी गेल्या, तेवढ्यात काकांना नियम आठवला. घरच्या साडीवर जमवलेला उजेड ठेवणीतल्या साडीवर चालेल कशावरून? तेव्हा पहिला पीस ते स्वतः. त्यांनी काकूंची जांभळी साडी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि मिशीवर दाबाची नथ अडकवली. मी बावीस फोटो काढले. माझी हसायची हिंमत नव्हती, कारण चेहरा तपासणीचा होता. बाविसावा त्यांनी पास केला.

काकू परतल्या, दारातच थबकल्या आणि हिरवी साडी नेसून स्टुलावर बसल्या. काका जांभळ्या साडीतच माझ्या मागे परात धरून उभे. चौदा वेळा काकूंचे डोळे मिटले. पंधराव्या वेळी काकांचा पदर घसरला. तो सावरत ते म्हणाले, "बाई, लई उकडतंय ह्यात." काकू बघतच राहिल्या. फ्लॅश उडाला. डोळे टक्क उघडे! मी तो फोटो छापून आणला, तेव्हा काकूंनी तो दिवसभर हातातून सोडला नाही.

गेल्या वर्षी काका गेले. दुसऱ्यांना जन्मभर उजेडात धरणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. आधारकार्डावर ते आरोपी दिसत होते. बरे होते ते फक्त माझे बावीस. लेकीने मला विचारलं, पदर आणि नथ पुसता येईल का? येत होतं. मी पुसायला बसलोही. काकूंनी माझा हात धरला.

"माझ्यापायी बसले व्हते त्यात. काय बी पुसू नगं."

बाविसावा मोठा करून हार घातला. भेटायला येणारे त्याला हात जोडत, मग मिशी पाहत, मग काकूंकडे पाहत. विचारायचा धीर कुणाला होईना. दहाव्याला गुरुजींनी मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गेलं नेमकं कोण?"

ते काकूंनी ऐकलं. "आमचं ह्ये," त्या म्हणाल्या. "गोड दिसत्यात, न्हाई?"

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या रडल्या.