खूण सांगा

"खूण सांगा."

खराडीतल्या आमच्या ऑफिसात खाली, लिफ्टशेजारी एक टेबल होतं आणि त्यामागे लोखंडी कपाट. इमारतीत सापडलेल्या वस्तू त्यात जमा व्हायच्या. किल्ली सिक्युरिटीतल्या एका बाईंकडे असे. पन्नाशीच्या, खराडी गावातल्याच. कोणी काही हरवलं म्हणून धावत आलं, की त्या सावकाश चष्मा लावायच्या आणि एवढंच म्हणायच्या.

इथेच माणूस अडकायचा. तुम्हीही करून बघा. रोज तोंडाला लावता ती पाण्याची बाटली नेमकी कोणत्या रंगाची? आमचे एक मॅनेजर तीन वर्षं वापरलेल्या बाटलीबद्दल "काळी... नाही, निळी... डार्क काहीतरी" इथपर्यंत पोचले आणि थांबले.

"आमच्यात बैल हरवला तर मालक शिंगापासून शेपटीपर्यंत सांगायचा," बाई म्हणाल्या. मॅनेजरांनी नवी बाटली घेतली.

काहींची स्मरणशक्ती कपाट उघडल्यावर सुधारायची. एक मुलगी आपली साधी छत्री शोधायला आली आणि लाकडी मुठीची बघून "हीच!" म्हणाली.

"ही माझी हाय. तुमची खूण सांगा."

कंपनीने दिलेले मग, डायऱ्या, 'उत्कृष्ट कर्मचारी' लिहिलेल्या ट्रॉफ्या न्यायला मात्र कोणी फिरकत नसे. वर एखाद्या मजल्यावर माणसं कमी केली, की संध्याकाळी कपाट बंद होत नसे. बाई खुर्चीतूनच खांद्याने दार रेटायच्या. "जाताना कुणाला वझं नको असतं," म्हणायच्या. अशा दिवशी आपण अजून इथे आहोत याचाही आनंद होत नाही, नुसता थकवा येतो.

मग एकदा माझाच डबा हरवला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिने दिलेलं म्हणावं असं रोजच्या वापरात तेवढंच उरलं होतं. मी जेवण सोडून खाली पळालो.

"खूण सांगा."

"स्टीलचा. तीन पुडाचा."

"असे चार हायेत."

"अहो, आईने दिलेला आहे."

"समद्यांना आईनंच दिल्यात. नाव घातलंय का?"

"असेल. आईचं असेल. सुमन."

त्यांनी चारही डबे उलटे करून पाहिले. सुमन कुठेच नव्हतं. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं नाव काय?"

"नितीन."

त्यांनी एक डबा पुढे सरकवला. बुडाला बारीक ठिपक्यांत कोरलं होतं: चि. नितीन यास, आईकडून. तो डबा मी अकरा वर्षं वापरत होतो.

"घासतं कोण?"

"कामाला बाई येतात."

"मग त्यांना ठावं असंल," त्या म्हणाल्या आणि कपाट लावलं. मला इतकं लाजिरवाणं आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

त्यानंतर येता-जाता मी त्यांना पाहून मान हलवायचो. त्याही हलवायच्या. माझ्या मते ओळख झाली होती.

गेल्या महिन्यात सिक्युरिटीची एजन्सी बदलली. कपाट गेलं, हरवलेल्या वस्तूचा फॉर्म मोबाइलवर आला. टेबलामागे एक अनोळखी गृहस्थ बसले होते. मी विचारलं, "इथे एक बाई असायच्या, त्या कुठे गेल्या?"

"सर, मी नवीन आहे. पण जुनी यादी आहे, बघून सांगतो. नाव काय त्यांचं?"

सहा वर्षं त्यांच्या खिशावर नावाची पट्टी होती. मी रोज त्या पट्टीसमोरून गेलो होतो.

"चष्मा होता," मी म्हणालो.

"उंच होत्या का बुटक्या?"

त्या कायम बसलेल्या असत. निदान मी पाहायचो तेव्हा.

"यादीत चौदा बायका आहेत, सर," ते सभ्यपणे म्हणाले. "काहीतरी सांगा ना."

माझ्यामागे दोघं-तिघं खोळंबले होते. मी बाजूला झालो.