मधल्या दाराची फिर्याद

त्या दिवशी सकाळी कसबा बावड्यातल्या एका घराचे मधले दार चौकटीसकट पडले. दुपारी त्या घरातला थोरला भाऊ फिर्याद घेऊन माझ्या पोलीस ठाण्यात आला. ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही.

वाटणी झाल्यापासून दोन भावांच्या घरांमधले ते दार बंद होते. थोरल्याचा संशय धाकट्याच्या मुलीवर होता. तिची पोलीस भरतीत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात चालू होती. तिच्या नावावर गुन्हा नोंदला गेला असता, तर नेमणूक अडली असती.

मी काका-पुतणीला समोर बसवले.

“सायेब, दार हिनंच फोडलं. गोळा फेकती ही. म्हशीचं बळ हाय अंगात.”

“काका, गोळा अंगणात पडतोय, तुमच्या दारावर न्हाय.”

“मग दार वाऱ्याने पडलं का?” मी तिला विचारले.

ती घुटमळली. “व्यायाम करताना हात टेकला, साहेब. नुसता टेकला.”

“बघा, कबूल झाली की!” काका उठून उभेच राहिले.

कबुली मिळाली की तपास आटोपण्याचा मोह होतो. पण मुलीने स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट आपण होऊन सांगितली होती. खोटे बोलणारा सहसा तेवढे सांगत नाही. मी पंच घेऊन घरी गेलो.

पहार लावल्याची खूण कुठेच नव्हती. चौकटीचा रंग शाबूत होता, पण जागोजागी फुगलेला. बोटाने ठोकले, तर आवाज पोकळ. किल्ली टोचली, ती सहज आत गेली. पलीकडचे कुणी नजरेस पडू नये म्हणून थोरल्याने दाराला कपाट लावून ठेवले होते. दार त्यावरच रेलले होते. कपाट सरकवले, तेव्हा जमिनीपासून चौकटीपर्यंत चढलेल्या मातीच्या रेघा दिसल्या. शेजारच्या खिडकीत गळून पडलेले पंख होते.

“दिव्याचं किडं हुतं ते,” थोरल्याची बायको, मुलीच्या काकू, म्हणाल्या. “पावसाच्या तोंडाला येत्यात. मी झाडून टाकती की.”

“वहिनी, ही वाळवी आहे.”

काकांनी लाकडाचा तुकडा उचलला. हातातच त्याचा भुगा झाला. “तुला हात टेकायला दुसरी जागा न्हवती व्हय गं?”

“बरं झालं टेकला, काका. न्हाईतर छप्पर आलं असतं तुमच्या अंगावर.”

काकांना हसू आवरले नाही. फिर्याद त्यांनी तिथेच मागे घेतली. एकाच बाजूने औषध मारून उपयोग नव्हता. त्यामुळे दोन्ही घरांतले सामान एकाच दिवशी अंगणात आले, आणि त्या दिवशीचा स्वयंपाकही एकत्र झाला.

माणसाला विचारण्याआधी वस्तूला विचारावे, हे मी त्या घरात शिकलो. पत्नी गेल्यापासून तिच्या पुस्तकांचे कपाट मी अधूनमधून भिंतीपासून ओढतो, मागे पाहतो, लाकूड ठोकतो. आवाज भरीव येतो. मग तिचे एखादे पुस्तक घेऊन वाचत बसतो.

ती मुलगी आज पोलीस दलात आहे. तिच्या नावावर एकही गुन्हा नाही.