हॉटेलच्या पाटीवर न लिहिलेलं नाव

आष्टीच्या रस्त्यावर सहकारी संघानं हॉटेल बांधलं, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सपाट छप्पर, बारीक गोल खांब, पुढं आधाराशिवाय आलेला पोर्च; लोक विचारायचे, याला कळस कधी बसवणार? आत शिरताच अख्ख्या भिंतीवर चित्र होतं, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांचं. तेही त्याच खडीच्या कपच्या लावून केलेलं: काळा दगड, पांढरी गारगोटी, मधेच तांबडा मुरूम. ते माझ्या मित्रानं केलं होतं आणि माझ्या पोटात दुखत होतं.

आम्ही दोघंही पाट्या रंगवायचो. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेत मला ‘ए’ श्रेणी मिळाली होती, त्याला ‘सी’. तरी पुण्याच्या आर्किटेक्टनं भिंत त्याला दिली आणि मला उद्घाटनाची पाटी. बाजारला आलेल्या बाया मुद्दाम आत डोकावायच्या, चित्रात एकमेकींना शोधून हसायच्या. माझी अक्षरं वळणदार होती, पण त्यांच्यापुढं कोण थांबणार?

पाटीवर सगळ्या संचालकांची नावं हवी होती. कोण कुणाच्या वर, या भांडणात मी ती तीनदा पुसून लिहिली. शेवटी चेअरमन जाता जाता म्हणाले, चित्रवाल्याचंही नाव खाली घाला. मी घातलं नाही. संचालकांनी आपापलं नाव तेवढं तपासलं. मित्र मात्र पाटीपुढं बराच वेळ उभा राहिला आणि निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

हॉटेल धड चाललं नाही. नळाला पाणी नसायचं, पुढं संघही बुडाला, आणि रस्ता रुंद करताना भिंतीसकट सगळं पाडलं. मित्र त्याआधीच वारला होता.

गेल्या वर्षी त्याची लेक माझ्याकडं आली. बापाच्या कामाबद्दल तिला लिहायचं होतं, पण ते चित्र त्याचंच, असा कागद कुठंच सापडेना. पाटीवर त्याचं नाव कसं नव्हतं, असं तिनं विचारलं. संचालकांनी घालू दिलं नाही, असं मी सांगितलं.

“बाबा तेच म्हणायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, माझा दोस्त माझ्यासाठी लई भांडला आसंल, पण त्याचं कुणी ऐकलं नसंल.”

मी मान डोलावली. ती वाकून माझ्या पाया पडली, आणि तेव्हाही माझ्या मनात आलं ते एवढंच, की अशी लेकसुद्धा त्यालाच.