दार लावून बोललेलं

"पेशंट कुठाय?"

दारू सोडवण्याच्या विभागाची खिडकी. रांगेत बायकाच जास्त, पण प्रत्येकीबरोबर एक नवरा नाहीतर मुलगा, मान खाली घालून उभा. माझ्याबरोबर कुणी नव्हतं.

"मीच हाय पेशंट," मी म्हणाले.

खिडकीतल्या माणसानं पेन खाली ठेवलं. शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "बघा, आता बायका पण." मग मला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, "वस्ती कुठली?"

वस्तीचं नाव सांगितलं.

"मग बरोबर," तो म्हणाला आणि लिहायला लागला.

मी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. मूळ गाव वळसंग, आता सोलापुरात. नवरा होता, गेला. मेला नाही, निघून गेला. एक मुलगी आहे, अकरावीला. मी पिते. 'पीत होते' असं लिहायला अजून हात धजत नाही.

दारू एक झाली. दुसरं सांगायला जास्त अवघड आहे. कुणी यायला उशीर केला, कुणी फोन उचलला नाही, की माझं डोकं फिरतं. हा माणूस आपल्याला टाकणार, असं पक्कं वाटायला लागतं. मग तो टाकायच्या आत मीच त्याला शिव्या घालून घालवते, आणि गेला की त्याच्या दारात जाऊन रडते. डाव्या हातावर वण आहेत, माझे मीच केलेले. ते झाकायला सोलापूरच्या उन्हात मी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घालते. ह्याला डॉक्टर लोक व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. मला ते नाव फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही मला सांगितलं म्हणून नाही.

खालच्या मजल्यावर दारूवाले म्हणायचे, "हातावर असले वण? आधी वर मनाच्या डॉक्टरांना दाखवा." वर गेले की मोठ्या मॅडम म्हणायच्या, "आधी सहा महिने दारू सोड, मग ये. पिणाऱ्याशी बोलून काय उपयोग?" रांगेत माझ्या आधीच्या बाई चांगल्या साडीतल्या होत्या. त्यांना मॅडम 'तुम्ही' म्हणत होत्या. मला तू. एकदा त्यांच्याभोवती शिकणारी पोरं-पोरी उभी होती. मी स्टुलावर. मॅडम त्यांना म्हणाल्या, "हिच्यासारख्यांचा स्वभावच असतो हा. गोड बोलतील, रडतील, मग अंगावर येतील. फार जवळ जायचं नाही." एक पोरगी वहीत लिहून घेत होती. मी तिथेच, हातभर अंतरावर. मी बहिरी आहे असं कुणी ठरवलं होतं कोण जाणे.

तीन वर्षं मी तो जिना चढले-उतरले. प्यायची कशासाठी, तर डोकं गप्प व्हावं म्हणून. डोकं फिरायचं कशानं, तर पिऊन केलेलं सकाळी आठवायचं म्हणून. ही एकच गोष्ट आहे, हे मला कळत होतं. शिकलेल्यांनी तिचे दोन मजले केले होते.

मग त्याच दवाखान्यात एका संस्थेनं दर गुरुवारी एक खोली चालू केली. ज्यांना दोन्ही आहे त्यांच्यासाठी. औषध नाही, फक्त बोलायचं, एकेकट्यानं, दार लावून. तिथं एक ताई बसायची. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, पण मला 'तुम्ही' म्हणायची. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "आज मी पिऊन आलेय. चालंल का?"

ती म्हणाली, "बसा. आज थोडं बोलू."

मी बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला बसा म्हणालं होतं.

ती मला मागं मागं न्यायची. काल प्यालात, त्याच्या आधी काय झालं? त्याच्या आधी? त्याच्याही आधी? मला ते लगेच जमलं. टॉवेलमध्ये चूक दिसते एकीकडं, धागा तुटलेला असतो वीतभर मागं. आमचं कामच ते शोधायचं आहे. असं मागं जात जात आम्ही एका गुरुवारी दुधनीला, मावशीच्या गावी, पोचलो. मी सहा वर्षांची होते. आई मला मावशीकडं सोडून गेली. "बाजारच्या दिवशी न्यायला येते," म्हणाली. दर बाजारच्या दिवशी मी पायरीवर बसायचे. मावशी कानडीत म्हणायची, "नाळे बरताळ." उद्या येईल. आई आली नाही.

हे मी कुणाला बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही. आणखी एक सांगितलं, त्याहून वाईट. मुलीची दहावीची परीक्षा होती. आदल्या दिवशी ती मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली आणि यायला उशीर केला. मी प्यालेली होते. तिची पुस्तकं बंबात घातली. ती आली तेव्हा पाणी उकळत होतं. एवढं सांगून झालं. ताईनं पाणी दिलं. म्हणाली, "हे ह्या दाराबाहेर जाणार नाही."

अकरा गुरुवार मी गेले. त्यातले शेवटचे सहा न पिता. त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडा काढायचे. मुलगी माझ्याशी मोजकंच बोलायची, पण बोलायची. मला दुसरं काही नको होतं, तो गुरुवार तेवढा पाहिजे होता.

मग संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस आला. दवाखान्यात फळवाटप ठरलं. पेशंटनी ओळीनं बसायचं, साहेबांच्या हातून केळी-सफरचंदाची पिशवी घ्यायची आणि फोटो निघेपर्यंत सोडायची नाही. आमच्याकडं हा रिवाजच आहे. ह्या वेळी त्यांना लाभार्थीचं मनोगतही पाहिजे होतं. मॅडमनी मला बोलावलं.

"दोन मिनिटं बोलायचं. पदर डोक्यावर घे, चांगलं दिसतं. मुलीला पण आण, फोटोला."

ताई मागं उभी होती. तिनं कागद दिला. "वाचता येईल ना तुम्हाला? मी सोपं लिहिलंय."

वाचता येतं. सातवी झालेय. पण आधी वाचून बघितलं नाही, ही माझी चूक. ताईनं लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार, असं वाटलं.

हॉल भरलेला. आमच्या वस्तीतल्या चार बायका, कारखान्यातला मुकादम, मॅडमची शिकणारी पोरं, पाहुणे, हार. मुलगी तिसऱ्या रांगेत, कॉलेजच्या ड्रेसमध्ये. मी माईकसमोर कागद उघडला. पहिली ओळ वाचली, "माझ्या आईने मला लहानपणी टाकून दिले." दुसरी वाचली, माझ्या दारूची आणि मुलीच्या दहावीची. तिसरीवर नजर गेली, तिथं पुस्तकं आणि बंब होता. शेवटी लिहिलं होतं, "साहेबांच्या कृपेने आज मी माणसात आले."

मी मुलीकडं बघितलं. पुढं काय येणार हे तिला कळलं होतं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलेलं.

मी थांबले.

मॅडम हळूच म्हणाल्या, "वाच की."

मी कागदाची घडी घातली. माईकमध्येच म्हणाले, "हे मी दार लावून सांगितलं हुतं. हितं सांगायचं न्हाय. आन माणसात आले म्हंजे काय? आदी कशात हुते मी?"

कुणी तरी हसलं. साहेबांनी घड्याळात बघितलं. मॅडमनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, माईक स्वतःकडं ओढला आणि त्या शिकणाऱ्या पोरांकडं वळून म्हणाल्या, "बघितलंत? मी सांगत होते ना. हाच तो व्यक्तिमत्त्वाचा विकार."

तो शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. कपाळावर शिक्का मारला की माणसाला राग येण्याचीही सोय राहत नाही. तुम्ही त्याच्या पायावर पाय देऊन उभे राहा, तो ओरडला की म्हणा, बघा, कसा ओरडतो. मला त्या दिवशी आलेला राग आजाराचा नव्हता. आजाराचा राग मला चांगला माहीत आहे. तो आला की हात थरथरतात. माझे हात थरथरत नव्हते. साहेबांनी आधीच दिलेली फळांची पिशवी मी टेबलावर ठेवली आणि मुलीला घेऊन बाहेर आले.

ताई जिन्यात गाठायला आली. डोळे भरलेले. "मॅडमनी लिहून मागितलं म्हणून दिलं. मला वाटलं, तुम्हाला अभिमान वाटेल."

ती खोटं बोलत नव्हती, हेच जास्त लागलं.

त्या दिवशी मी प्याले. लपवत नाही. दुसऱ्या दिवशीही प्याले. तिसऱ्या दिवशी खाडा करून घरी बसले आणि वहीत मागं मागं गेले, ताईनं शिकवलं होतं तसं. प्याले, त्याच्या आधी काय, त्याच्या आधी काय. ह्या वेळी धागा माझ्यापाशी तुटलेला नव्हता. तो त्या कागदापाशी तुटला होता.

पुढच्या गुरुवारी गेले तर फाईलवर 'सहकार्य नाही' असं लिहून माझं नाव काढलेलं. मी घरी येऊन मुलीला म्हणाले, "मला एक अर्ज लिहून दे."

तिनं वही उघडली. वर तारीख घातली. मग म्हणाली, "मी तुला माफ केलेलं न्हाय, आई."

"व्हय," मी म्हणाले.

"पर पुस्तकं माझी हुती. सांगायचं का न्हाय, ते मला इचारायला पायजे हुतं त्यांनी. तू बी."

मी बी. ते मला तोवर सुचलंच नव्हतं.

अर्जात तीन गोष्टी आहेत. माझा गुरुवार मला परत द्या. तो कागद परत द्या. ह्या खोलीत बोललेलं कुणाचंही, त्याला विचारल्याशिवाय बाहेर नेऊ नका. दोन प्रती काढल्या. एकीवर त्याच खिडकीतून आवकचा शिक्का मारून घेतला. तो माणूस म्हणाला, "ए बाई, असल्या अर्जानं काय होतंय?" मी म्हणाले, "शिक्का मारा."

मॅडमचा निरोप आला, अर्ज मागे घे, मग बघू.

मागे घेणार नाही. मी बरी झालेली नाही, होईन का माहीत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा घसरले, प्याले. पण दर गुरुवारी साडेअकराला, माझ्या वेळेला, मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते, शिक्का मारलेली प्रत मांडीवर घेऊन. दुधनीच्या पायरीवर मी कुणी तरी येईल म्हणून बसायचे. इथं मी कुणाची वाट बघत नाही. ती खोली माझी आहे, आणि मॅडमना, ताईला आत जायचं असलं तर माझ्यासमोरून जावं लागतं.